आधी त्याचं सांग

भगतसाहेबांशी फोनवर खासगी असं काही बोलता येत नसे. फोन वाजला की ते तो टेबलावर उताणा ठेवत, स्पीकर चालू करत आणि म्हणत, “जय भीम, बोला. स्पीकरवर आहे, चारचौघं ऐकून राह्यले.” खोलीत एकटे असले तरी हेच. त्यामुळे त्यांना आलेले निम्मे फोन तिथेच संपत. ज्याला दुसऱ्याबद्दल काही कानात सांगायचं असे, तो “नंतर करतो, साहेब” म्हणून ठेवून देई. उरलेले फोन आम्ही सगळे ऐकत असू. पाइपांची गाडी दिग्रसला कापसाच्या गाड्यांमागे अडकल्याचा, वेल्डर न सांगता गावी गेल्याचा, आणि रोज जेवणाच्या सुट्टीनंतर घरून प्रमिलावहिनींचा, मूळव्याधीची गोळी घेतली का हे विचारणारा. “घेतली. फरक नाई,” असं साहेब शांतपणे सांगत, आणि आम्ही आपापल्या कागदांत फार गढून गेल्याचं दाखवत असू.

एकदा मी म्हटलं, “साहेब, निदान वहिनींचा फोन तरी कानाला लावत जा.”

“एकाचा लावला का मंग सगळ्यायचा लावा लागते,” ते म्हणाले.

आमचं काम एका मोठ्या नळयोजनेचं होतं. धरणातून पाणी उचलायचं आणि महागावच्या आसपासच्या बऱ्याच गावांना पाजायचं. प्रकल्पाचं कार्यालय महागावात एका चालेनाशा झालेल्या मंगल कार्यालयात होतं, आणि दारांवरच्या पाट्या कोणी काढल्या नव्हत्या. ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत मोठ्या लाइनवाले बसत, म्हणजे धरणापासून गावोगावच्या टाक्यांपर्यंत पाइप टाकणारे. त्यांचे प्रमुख अन्सारभाई. सगळं आयुष्य खोदकामात गेलेला, सावकाश बोलणारा माणूस. ‘वधूपक्ष’ खोलीत टाकीवाले. गावची टाकी बांधायची आणि टाकीपासून घरोघरी नळ न्यायचे, हे त्यांच्याकडे. त्यांचा इंजिनियर गावंडे. तरुण, हुशार आणि लवकर दुखावणारा. दोन्ही खोल्यांच्या मध्ये जेवणाचा हॉल होता. त्या हॉलमध्ये, जिथे पूर्वी आहेर स्वीकारत असावेत, तिथे भगतसाहेबांचं टेबल होतं. पद समन्वयक. काम नीट झालं तर हा माणूस नेमकं काय करतो ते कोणाला सांगता येत नाही, आणि बिघडलं की सगळ्यांना अचानक आठवतं, असं हे पद असतं. नेमणूक दर वर्षी नव्याने. मुलगी नागपूरला नर्सिंगला होती, त्यामुळे मार्च जवळ आला की साहेब जरा गप्प असत.

माझ्याकडे बैठकांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम होतं. बैठकीत जे घडलं ते लिहायचं नसतं, जे घडायला हवं होतं ते लिहायचं असतं, हे मी पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. तेवढं सोडलं तर मला ऐकण्यापलीकडे काही काम नव्हतं.

साहेब मूळचे वणीजवळच्या राजूरचे. बुटके, रुंद, भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट ते जीपमध्येही काढत नसत, कारण काढलं की विसरतं. वडील कोळशाच्या खाणीत होते, आणि नवीन माणूस कामावर आला की त्याला वडिलांची गोष्ट ऐकावी लागे. खाणीत पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय जागा सोडत नाही. छताला कुठे तडा दिसतोय, पाणी कुठून झिरपतंय, हे तिथंच उभं राहून बोटाने दाखवायचं. वर आल्यावर चहा पिता पिता नाही. मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की माझ्या लक्षात आलं, दर वेळी ते छत थोडं जास्त खचत चाललं होतं.

या गोष्टीतून त्यांची बैठकीची पद्धत आली होती. एकाचं काम जिथे संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्या जागेवर जायचं आणि उभ्याने बोलायचं. खुर्च्या बंद. नाल्यात, शेताच्या धुऱ्यावर, एकदा तर गुरांच्या बाजारात, बैलांच्या मध्ये. यवतमाळहून आलेले एक अधिकारी तिथे विचारत राहिले की बसायची व्यवस्था कुठे आहे. साहेब म्हणाले, “खुर्ची आली का माणूस बसते, अन् बसला का त्याले आपलं पद आठोते. उभं राहू द्या.” अधिकाऱ्यांचे बूट नवे होते. बैठक लवकर आटोपली.

दुसरी पद्धत जास्त त्रासाची होती. तिला आम्ही खासगीत ‘उलटी साक्ष’ म्हणत असू. धामणी गावच्या टाकीचं सांगतो म्हणजे कळेल.

अन्सारभाईंनी मोठी लाइन टाकीच्या उगवतीला आणून ठेवली. गावंडेने टाकीत पाणी घ्यायचं तोंड मावळतीला काढलं. दोघांच्या हातात नकाशा होता आणि दोन्ही नकाशांवर वरिष्ठांची सही होती. मधल्या काळात नकाशा बदलला होता आणि बदललेला नकाशा एकाच खोलीत पोचला होता. मग वरपक्ष आणि वधूपक्ष हॉलमध्ये आमनेसामने आले आणि त्या वास्तूत शोभेल असं भांडण झालं. साहेबांनी हेल्मेट घातलं, दोघांना जीपमध्ये बसवलं आणि धामणीला नेऊन टाकीखाली उभं केलं.

“बोल गावंडे. पण आधी त्याचं सांग.”

“त्यांचं काय सांगू सर? चूक त्यांची आहे.”

“चूक मंग पाहू. अन्सारभाईनं लाइन इकडून काहून आणली, ते तू सांग. ते ‘हो, असंच’ म्हणत नाई, तवरिक तुही तक्रार सुरू होत नाई.”

“मले काय माहीत काहून आणली!”

“मंग इचार. हे काय, समोरच उभे आहेत.”

गावंडेने विचारलं. विचारताना तो अन्सारभाईंकडे न पाहता टाकीच्या खांबाकडे पाहत होता.

“उधर काला पत्थर लगा ना बाबा,” अन्सारभाई म्हणाले. “पोकलेन का दात टूट गया. और मेरे नकाशे में तो इधरच है.”

“तिकडं दगड लागला म्हणून त्यांनी इकडून आणली,” गावंडे साहेबांना म्हणाला.

“आधा बोला,” अन्सारभाई म्हणाले. “नकाशे का नहीं बोला.”

“अन् त्यांच्या नकाशात इकडूनच होती. झालं?”

“हां. असंच.”

मग अन्सारभाईंची पाळी. त्यांनी रुमालाने मान पुसली, जरा विचार केला आणि म्हणाले, “ये बच्चे कू लगता है के अन्सार बुढ्ढा हो गया, नया नकाशा पढ़ता नहीं, सुनता नहीं, अपने मन का खोदता है.”

“मी असं कधीच म्हणलो नाई!” गावंडे उसळला.

“बोला नहीं. लगता है ना?”

गावंडेने मान वळवली. टाकीखाली एक शेळी पाइपाला अंग घासत होती. शेवटी तो हसला. “हो,” म्हणाला. “असंच.”

अन्सारभाईही हसले आणि मग दगड न फोडता टाकीला वळसा घालून पाइप जोडायचं ठरलं. तो वळसा अजून तिथे आहे. अभियांत्रिकीच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही असा, पण पाणी त्याला हरकत घेत नाही.

ही पद्धत घरीही चाले. एकदा प्रमिलावहिनी चार दिवस महागावला आल्या होत्या. साहेबांच्या भाड्याच्या खोलीवर आम्हाला जेवायला बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी गाऱ्हाणं घातलं. “ह्या माणसासंग भांडताच येत नाई हो भाऊ. भांडाले उभी राह्यली का म्हणते, आधी माहं सांग. ह्यायचं सांगता सांगता भाजी करपून जाते अन् रागही निंगून जाते. मंग भांडू कशाच्या जिवावर?”

“हो, असंच,” आतून हात धुता धुता साहेब म्हणाले.

वहिनींनी आमच्याकडे पाहून कपाळावर हात मारला.

साहेबांना सगळे थोर मानत होते असं मात्र समजू नये. अन्सारभाईंची माणसं उन्हात तिष्ठत उभी असत आणि हे दोघांकडून एकमेकांची बाजू वदवून घेत बसत. काम खोळंबे. स्वतःचं मत विचारलं तर ते कधी देत नसत, त्यामुळे ते धोरणी आहेत असं एका खोलीला वाटे आणि त्यांना काही कळत नाही असं दुसऱ्या खोलीला. शिवाय त्यांना आपल्या पद्धतीचा अभिमान होता, आणि तो लपत नसे. “माह्या साइटवर एकच खड्डा दोनदा खंदला असं कोणी दाखवावं,” हे ते इतक्यांदा म्हणत, की एखादा खड्डा मुद्दाम दोनदा खणावा असं मला वाटू लागलं होतं.

पुण्याहून एकदा सल्लागार कंपनीचे दोन तरुण आले. यवतमाळच्या सभागृहात त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. रंगीत चौकोन, आणि चौकोनांना जोडणारे बाण. प्रत्येक चौकोनात एका टीमचं नाव होतं. सिनर्जी हा शब्द इतक्या वेळा आला की आमचे मोठे साहेब, म्हणजे प्रकल्पप्रमुख, तोही नोंदवून घेऊ लागले. शेवटी प्रश्न विचारा असं सांगितलं. असं सांगितल्यावर विचारायचं नसतं, पण भगतसाहेब उभे राहिले.

“चौकोनात नावं आहेत. बाणावर कोणाचं नाव आहे?”

“सर, बाण म्हणजे माहितीचा प्रवाह,” एक तरुण म्हणाला.

“ते समजलं. पण तो प्रवाह कोण नेते? पायानं जाते, फोननं जाते, का आपोआप जाते?”

तरुणाने शेजारच्या तरुणाकडे पाहिलं. मोठे साहेब म्हणाले की आता चहा घेऊ. मी इतिवृत्तात ‘मौलिक सूचना प्राप्त झाल्या’ असं लिहिलं.

असा माणूस, आणि त्याच्याच देखत धामणीचा वरचा तांडा राहून गेला.

कागदोपत्री वरचा तांडा धामणी गावाचाच भाग. प्रत्यक्षात गावापासून दूर, नाल्यापलीकडे, टेकडीच्या अंगावर चढत गेलेली बंजारा समाजाची वस्ती. घरं एकावर एक ठेवल्यासारखी. तांड्याच्या मुखियाला नायक म्हणत. उन्हाळ्यात बायका खाली नाल्यात खणलेल्या झिऱ्यावर येत आणि भरले हंडे घेऊन टेकडी चढत. धामणीची टाकी पूर्ण झाली, गावात नळ लागले, लोकार्पणाची तारीख ठरली, पुढाऱ्याची वेळ मिळाली. आमची शेवटची उभ्याची बैठक धामणीच्या टाकीखाली होती. अन्सारभाई म्हणाले, माझं सगळं झालं. गावंडे म्हणाला, माझंही. दोघंही खरं बोलत होते.

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई रस्त्यावरून आमच्याकडे आली. वरच्या तांड्यावरच्या अनुसयाबाई राठोड. साठीच्या आतबाहेर, उजवं मनगट वाकडं बसलेलं. आदल्या उन्हाळ्यात भरल्या हंड्यासकट चढावर पडल्या होत्या, हे नंतर कळलं.

“साहेब, तुमच्यातलं आमचं माणूस कोनतं?” त्यांनी विचारलं.

“कशाचं माणूस, मावशी?” भगतसाहेब म्हणाले.

“आमच्या तांड्याच्या नळाचं. धामणीत सारे म्हणून राह्यले, काम सरलं. मंग आमचं कोन करते?”

अन्सारभाईंनी गावंडेकडे बोट केलं. त्याच क्षणी गावंडेने अन्सारभाईंकडे केलं. दोघांची बोटं हवेत तशीच राहिली.

“तांडा धामणीचाच है ना,” अन्सारभाई म्हणाले. “गाव के अंदर का काम तुमचं.”

“गावाच्या आत?” गावंडे म्हणाला. “नाला ओलांडून, एवढी लांब लाइन? ती तुमच्याकडेच राहते. मी तर तुमची वाट पाहून राह्यलो होतो.”

“अरे, मैं तेरी.”

कोणी हसलं नाही. साहेबांच्या दोन्ही पद्धती इथे लंगड्या पडल्या होत्या. जिथे दोन कामं एकमेकांना भिडत, तिथे ते न चुकता जाऊन उभे राहत. इथे भिडायला काहीच नव्हतं, नुसती टेकडी होती, त्यामुळे तिथे उभं राहायचं त्यांना सुचलं नव्हतं.

“पण मी आलतो ना तांड्यावर,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. “काम सुरू झालं तवा. नायकाले समदं समजावून सांगतलं. इचारलं, काही अडचण नाई ना? त्यानं मान हालवली.”

“आलते ना,” अनुसयाबाई म्हणाल्या. “लय वेळ बोलले. नायक बुढा माणूस, तुमचं अर्धं त्याले समजलंच नाई. घरी आलेला पाहुणा बोलून राह्यला, तं मान हालवाच लागते. तो का नाई म्हणन? मंग तुम्ही पाणी पिऊन गेले.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. साहेबांना ते लागलं तसं मात्र काहीच लागलं नसतं. ज्याने दोन्ही खोल्यांमधल्या कोणाचीही मान कधी उत्तर म्हणून धरली नाही, त्याने तांड्यावर एका म्हाताऱ्याची धरली होती. अन्सारभाई आणि गावंडे या त्यांच्या लेखी बाजू होत्या. तांडा ही बाजू आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

“मावशी, आता येऊ का वर?” त्यांनी विचारलं.

“या की. वाट तं तेच आहे.”

आम्ही सगळे चढून गेलो. नायकाच्या अंगणात माणसं जमली. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा बैठकीत खाली बसले. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. अनुसयाबाईंना म्हणाले, “मी बोलतो ते तुम्ही नायकाले तुमच्या बोलीत सांगा. अन् मी तुमची अडचण सांगतो. चुकलो तं नाई म्हणा.” मग त्यांनी सुरुवात केली. “तुमाले पाणी पाह्यजे.”

बाईंनी ते गोरबोलीत सांगितलं. नायकाने मान हलवली नाही. तो काहीतरी म्हणाला.

“नाई म्हणते,” अनुसयाबाई म्हणाल्या.

“पाणी नाई पाह्यजे?”

“पाणी तं पाह्यजेच. पण तसं नाई पाह्यजे.”

साहेबांनी पुन्हा सांगून पाहिलं. उन्हाळा, झिरा, चढ. पुन्हा नाही. अंगणातली माणसं आता मोकळी झाली होती आणि एकदम बोलत होती. मागून एक तरुण बाई म्हणाली, “साहेब, शाळेत बसल्यासारखं नका करू, आयका.” सगळे हसले, साहेबही. मग ते नुसते ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी परत सांगितलं, या खेपेला थांबत थांबत.

“नळ आला तं खालच्या घरायले येईन. वर चढणार नाई. मंग खालची घरं पाणी भरतीन अन् वरच्या बाया त्यायच्या दारात हंडे घेऊन उभ्या राहतीन. आज सारे झिऱ्यावर जाता, सारख्याच हालात जाता. उद्या तांड्यात दोन तांडे होतीन. त्याच्यापेक्षा झिरा बरा. म्हणून पाणी द्याचं तं सगळ्यात वरच्या घरी पोचलं पाह्यजे. नाई तं नकोच.”

अनुसयाबाईंनी ते नायकाला सांगितलं. म्हाताऱ्याने साहेबांकडे बघून “हां” म्हटलं. मान हलवली नाही.

सगळ्यात वरचं घर अनुसयाबाईंचं होतं.

आढावा बैठक त्याच आठवड्यात यवतमाळला झाली. मोठ्या साहेबांच्या समोर पुष्पगुच्छ होते, कोनशिलेचा फोटो पडद्यावर होता. दोन्ही टीमनी काम पूर्ण झाल्याचं सांगितलं, कारण ज्याच्या त्याच्या कागदांप्रमाणे ते झालंच होतं. मोठे साहेब प्रसन्नपणे म्हणाले, “भगत, तुमच्याकडून पूर्ण समजायचं ना?”

“नाई साहेब. धामणीचा वरचा तांडा राह्यला.”

“राहिला म्हणजे? कोणामुळे?”

अन्सारभाई आणि गावंडे दोघंही टेबलाकडे पाहू लागले.

“माह्यामुळे,” भगतसाहेब म्हणाले. “या दोघायच्या मधात जे पडते ते पाह्याचा मले पगार आहे. ते मी पाह्यलं नाई.”

मोठे साहेब मुरलेले होते. ते चिडले नाहीत. म्हणाले, तांडा पुढच्या टप्प्यात घेऊ; लोकार्पणाच्या दिवशी तिथे टँकर पाठवू; कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. “आणि भगत, मार्च जवळ आलाय. तुमचं नूतनीकरण माझ्याकडेच आहे. जरा समजून घ्या.”

भगतसाहेब उभे राहिले. मला पुढचं दिसलं आणि मी पेन खाली ठेवलं.

“समजून घेतो, साहेब. आधी तुमचंच सांगतो,” ते म्हणाले. “तुमी पुढाऱ्याची वेळ मांगून आणली, आता ते परत द्याले तोंड नाई. वरती शंभर टक्के काम कळवून बसले, आता नव्वद म्हणता येत नाई. कोनशिलेवर तुमचं नाव पह्यल्यांदाच कोरलं. तांड्याचं आज बाहेर निंगालं तं तुमची नोकरी जात नाई, पण मान जाते. म्हणून टँकर. बरोबर का? चुकलो तं सांगा.”

हे सगळं अतिशय आपुलकीने म्हटलं होतं, तेच अवघड होतं. टोमण्याला उत्तर देता आलं असतं. मोठ्या साहेबांना हो म्हणता येईना आणि नाही म्हणायला समोर सगळं सभागृह बसलेलं. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, पाहिला आणि खाली ठेवला. भगतसाहेब ‘हो, असंच’ची वाट बघत उभेच होते. शेवटी मोठे साहेब म्हणाले, “किती दिवस लागतील?”

“ते मले नाई सांगता येत,” भगतसाहेब अन्सारभाईंकडे आणि गावंडेकडे वळले. “हे सांगतीन.”

इतिवृत्तात मी ‘सविस्तर चर्चेअंती कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला’ असं लिहिलं. माझ्या सगळ्या नोकरीत याहून खोटं आणि याहून खरं वाक्य मी लिहिलेलं नाही.

लाइन पडली. काम कोणाचं, यावर वरपक्ष आणि वधूपक्ष आणखी एकदा भांडलेच. मग नाल्याच्या अलीकडचं अन्सारभाईंनी घेतलं, पलीकडचं गावंडेने. पाणी चढवायला धामणीच्या टाकीपाशी वेगळा पंप बसवला. चढेल का, याबद्दल दोघांना खात्री नव्हती. गावंडे म्हणे हिशोबाने चढायला हवं. अन्सारभाई म्हणत, “हिसाब टेकडी कू मालूम है क्या?”

दरम्यान भगतसाहेबांना पत्र आलं. नूतनीकरण नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं की वरिष्ठांशी संवाद साधण्यात कमी पडतात. ते पत्र त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनींचा फोन आला तेव्हा स्पीकरवरच त्यांनाही वाचून दाखवलं. वहिनींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “गोळी घेतली का?”

त्यांच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना जीपने बसस्टँडवर सोडणार होतो. वणीकडे जायचं तर दुपारची यवतमाळची गाडी पकडणं भाग होतं. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक बॅग. त्याच दिवशी तांड्यावर पहिल्यांदा पाणी सोडून पाहणार होते, म्हणून साहेब म्हणाले, वाटेत दोन मिनिटं थांबू. वाट उलट्या दिशेला होती, पण ड्रायव्हर देविदास काही बोलला नाही.

जीप टेकडीच्या पायथ्याशीच थांबली, पुढे जात नव्हती. साहेब एकटे चढून गेले. खालच्या घरांच्या नळांना पाणी आलेलं आम्हाला दिसत होतं. पोरं एकमेकांवर उडवत होती. मधल्या घरांनाही आलं. वरती, अगदी टोकाला, अनुसयाबाईंच्या घरापाशी गर्दी होती आणि गर्दीत साहेबांची पाठ दिसत होती. बराच वेळ झाला. देविदासने घड्याळ पाहिलं आणि हॉर्न वाजवला.

साहेबांनी मागे न वळता एक हात वर केला.

“जा म्हणून राह्यले,” देविदास म्हणाला.

“आलो म्हणतायत,” मी म्हणालो.

“आलो म्हणणारा माणूस असा तळवा दाखोते का? हे ‘तुम्ही निंगा’ आहे. सामान ठेवून जाऊ बाजूले.”

“आणि गाडी गेली तर?”

“मंग तुमीच सांगा काय म्हणून राह्यले ते.”

मी जीपमधून उतरलो आणि विचारायला टेकडी चढू लागलो.

वर पोचलो तेव्हा कळलं, तो हात आमच्यासाठी नव्हताच. साहेब अंगणातल्या नळापाशी उकिडवे बसले होते, कान तोटीला लावून. भोवतीच्या बायका एकदम बोलत होत्या आणि त्यांना गप्प करायला त्यांनी हात वर केला होता. तो अजून वरच होता. बायका गप्प झाल्या होत्या. नळातून नुसती हवा येत होती. आत कुठेतरी खळखळे, थांबे, पुन्हा खळखळे. अनुसयाबाई डाव्या हाताने हंडा धरून उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नका. मी काही विचारलं नाही.

खाली देविदासने पुन्हा हॉर्न वाजवला. साहेबांनी न वळता दुसराही हात वर केला, आणि पाणी आलं ते सरळ त्यांच्या कानात.